अंगठ्याखालची सही

रविवार, ५ जानेवारी २०२५

विश्रांतवाडीच्या विहारात सकाळी बोललो. सुरुवात कागद न बघता झाली आणि बरी झाली, म्हणून उतरवून ठेवतो. "खडकी-विश्रांतवाडीच्या माझ्या माणसांनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्यातल्या पहिल्या संपादकांनी पोटाला चिमटा काढून वर्तमानपत्रं चालवली. आज त्यांच्या हातचं, त्यांच्या सहीचं एक पत्र बघायचं म्हटलं तर या शहरात दहा दारं ठोठावावी लागतात आणि दहाही बंद निघतात. दुसऱ्यांच्या संपादकांनी धोब्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा काचेखाली ठेवलेली आहे." लोक हसले. मग गप्प झाले. गप्प झाले ते जास्त आवडलं.

माझ्याकडे आजवर सहीची अकरा पत्रं. 'समाजदवंडी' काढणाऱ्या राघोजी मास्तरांचं त्यात एकही नाही. वीस वर्षं शोधतो आहे. अंक मिळाले, तीन, तेही फाटके. हातचा कागद नाही.

चहाच्या वेळी एक मुलगी जवळ आली. प्रज्ञा. खराडीला कंपनीत आहे, राहते खडकीला. "काका, माझ्या पणजोबांना राघोजी मास्तरांची लेटर्स यायची. आजीकडे एक अजून आहे, आय थिंक."

कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला होता.

मंगळवार, ७ जाने.

प्रज्ञाने फोटो पाठवला. पोस्टकार्ड. कॉपिंग पेन्सिलीचं जांभळं अक्षर, उजवीकडे कललेलं, घाईचं. चार ओळी दिसतात. खाली सही असायला हवी तिथे एक म्हातारा अंगठा. पेरावर चीर पडलेली.

फोन केला. म्हटलं, अंगठा बाजूला करून पुन्हा काढ.

"ट्राय केलं काका. आजी अंगठा हलवत नाही."

फोटो मोठा करकरून पाहत होतो. शालन भाजी निवडत म्हणाली, "लग्नाआधी माझा फोटो आला होता तेव्हा एवढं निरखून पाहिलं नव्हतंत."

शनिवार, ११ जाने.

खडकी. रेल्वेलाइनच्या अलीकडची वस्ती, तिचा चौक. इथे किती वेळा बोललो त्याची मोजदाद नाही. नोकरीची सगळी वर्षं याच बाजूला गेली.

प्रज्ञाची आजी यमुनामावशी. त्र्याऐंशीच्या. गुडघे गेलेत, कान आणि डोळे शाबूत. त्यांचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. गेटवर 'समाजदवंडी' विकायचे. अंक जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, वर भाकरी. स्वतःला वाचता येत नव्हतं. मास्तरांची पत्रं आली की शेजाऱ्याला चहा पाजून वाचून घ्यायचे.

मावशींनी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून कार्ड काढलं. अंगठा जागेवर ठेवला आणि स्वतः वाचलं. शब्द असे: "अंक चाळीस धाडले आहेत. न खपलेले परत पाठवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून वाचून दाखवा. मुलगी झाल्याचे कळले. तिला शाळेत घाला. पुढे तीच तुम्हाला माझा अंक वाचून दाखवील."

"ती मी," म्हणाल्या.

मी सही बघायला मागितली. मास्तर सहीत नावापुढे जात लिहीत, पूर्ण, आणि खाली दोन रेघा ओढत, हे मला त्यांच्याच एका अग्रलेखातून ठाऊक होतं. हितचिंतक सांगत, जात गाळा, चार वर्गणीदार वाढतील. त्यांनी अक्षर मोठं केलं. हे मी भाषणांतून सांगत आलो. त्यांच्या हातचं मात्र कधी पाहिलेलं नाही.

मावशी म्हणाल्या, "पत्र देते तुम्हाला. सही कापून देते."

"का हो?"

"ते नाव घरात ठेवायचं नाही असं ठरलंय. तुम्हीच ठरवलंत की."

मला संदर्भ लागेना. मग त्यांनी आठवण दिली. चाळीस वर्षं झाली. हाच चौक, मी तिशीतला, पायरीवर उभा. माझं वाक्य मावशींनी मला म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही: "जो कागद तुम्हाला त्या नावाने हाक मारतो तो कागद नाही, दावं आहे. दावं कुणी पेटीत जपून ठेवत नाही." सभा संपल्यावर चौकात शेकोटी केली होती. लोकांनी घरी जाऊन जात लिहिलेले कागद आणले आणि टाकले. अण्णाही घरी आले. म्हणाले, पोरगा खरं बोलतो. पेटी उघडली, पुडकं काढलं.

"केवढं पुडकं?"

मावशींनी दोन्ही हातांनी दाखवलं. विटेएवढं.

"कुणाची पत्रं होती ती सगळी?" कळलं होतं, तरी विचारलं.

"मास्तरांची. दुसरं कोण लिहीत होतं आम्हाला?"

रविवार, १२ जाने.

ते दाव्याचं वाक्य मी अजून वापरतो. गेल्या एप्रिलमध्ये दोन सभांत वापरलं. टाळी हमखास पडते.

बुधवार, १५ जाने.

स्वारगेटची बस धरून पेठेत लिमयांकडे. तीन जिने. लिमये निवृत्त मुद्रितशोधक, माझ्यासारखेच सह्यांच्या नादी लागलेले. माझ्या अकरापैकी चार सह्या अस्सल की नक्कल ते त्यांच्या भिंगाने ठरवलं. माझ्या विचारांशी त्यांचं जमत नाही, अक्षरांशी जमतं.

प्रज्ञाचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग लावलं. "अक्षर मुद्रकाला शिव्या घालून घालून झालेलं दिसतंय. अस्सल असणार. आणि हा अंगठा कुणाचा?"

मावशी सही कापून देणार आहेत हे सांगितलं.

"सही कापलेलं पत्र म्हणजे वाण्याची यादी, गायकवाड. मग तुम्ही ते वाचा आणि रडा, संग्रहात कशाला ठेवता?"

मग शेकोटीचंही सांगितलं. सांगणार नव्हतो. लिमये भिंग पुसायला लागले. म्हणाले, "आमच्या आजोबांकडची वाळवीने खाल्ली. वाळवीला निदान भाषण करावं लागलं नाही."

मी फोन खिशात घातला.

निघताना जिन्यात त्यांनी हळूच तोड सुचवली. "कापू द्या हो बाईंना. फक्त कापलेला तुकडा केरात जाण्याआधी तुमच्या खिशात जाऊ दे. दोन्ही बाजू सरळ असल्या की असा जोडून देतो, शिवण दिसणार नाही."

परतीच्या प्रवासभर मी मनात तो तुकडा खिशात घालत होतो. कधी टेबलावरून, कधी जमिनीवरून. विश्रांतवाडीला उतरल्यावर लाज वाटली. आधी वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १७ जाने.

पुन्हा खडकी. बसमध्ये मुद्दे जुळवले होते. इतिहासाला पुरावा लागतो, पुराव्याला सही लागते, वगैरे. दुसऱ्या वाक्यालाच मावशींनी हात वर केला.

"भाषण नको, भाऊ. एक ऐकलंय तेवढं पुरे."

मी म्हटलं, बरं, एकच विचारतो. मुलांच्या सवलतीसाठी लागतो तो जातीचा दाखला कुणी टाकला होता का शेकोटीत? तो प्रत्येक घरात आहे. त्यावर तेच नाव आहे.

"तो सरकारचा कागद. सरकार विचारतं म्हणून ठेवायचा. अण्णा तो हातातसुद्धा धरायचे नाहीत, मला म्हणायचे, तू ठेव." डब्यावर हात ठेवला. "हे कार्ड अण्णांचं. त्यांनी टाकायला काढलं होतं. मी पुडक्यातून ओढून घेतलं. चौकातून परत आल्यावर विचारलं त्यांनी, सगळी गेली ना? मी हो म्हटलं. पुढे सहा वर्षं जगले ते. मरताना डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणाले, आपल्या घरात आता तसलं काही राहिलं नाही. मी पुन्हा हो म्हटलं."

फळीवर शिवणाची कात्री होती. त्यांनी बोट केलं तिकडे. "ते नाव कापलं की माझं खोटं फिटेल. उरलेलं तुमचं."

मी कात्री उचलली नाही. प्रज्ञा आतून पोहे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

मग मावशींनी विचारलं, "अण्णांनी पत्रं टाकली त्यात अण्णांचं चुकलं का?"

"नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

उत्तर मला येत होतं. तोंडातून आलं नाही. चाळीस वर्षं ज्या तोंडावर जगलो त्या तोंडातून.

"सव्वीस जानेवारीला चौकात झेंडा लागतो," मावशी म्हणाल्या. "बोलायला उभे राहा. कुणाचं चुकलं ते तिथे सांगा, जिथे उभं राहून पहिलं सांगितलंत. तोवर मी कात्री लावत नाही. पुढचं पुढे. शब्द देत नाही."

रविवार, १९ जाने.

दिवसभर कागद घेऊन बसलो. माघार घ्यायची म्हणजे नेमकी कशातून? ते नाव दावं होतं, हे आजही खरं मानतो. ज्याच्या गळ्यात ते बांधलं गेलं नाही त्याने मला इतिहास शिकवू नये. माणसाने ते नाव टाकलं ते बरोबरच केलं. पुन्हा जन्म मिळाला तरी तेच सांगेन.

पण मास्तरांनी ते नाव कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेलं नव्हतं. गाळा म्हणत असताना लिहिलं, मोठं लिहिलं. तलाठ्याने आमच्या नावापुढे लिहिलेलं आणि मास्तरांनी स्वतःच्या नावापुढे लिहिलेलं, अक्षरं तीच. मला तिशीत दोन्हींतला फरक दिसला नाही. गळ्यातलं दावं आणि ते सोडवायला निघालेला हात, दोन्ही एकाच शेकोटीत घातले.

हे वाक्य लिहिलं आणि लगेच ते सभेत कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, हे मनात सुरू झालं. खोडलं नाही. पण सभेत म्हणणार नाही.

मंगळवार, २१ जाने.

तिसरा मसुदा. प्रज्ञाचा फोन: आजी ठीक आहे, डबा उशाशी घेऊन झोपते.

गुरुवार, २३ जाने.

शालनला मसुदा वाचून दाखवला. ती ऐकताना कपड्यांच्या घड्या करत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे. यात तुमची चूक कुठे आहे? मला सापडली नाही."

"शेवटच्या परिच्छेदात."

"तिथे 'त्या काळाचा आवेश' आहे. 'आपण सर्वांनी' आहे. सर्वांनी कुठून आणलंत? लोक नुसते उभे होते. पहिला कागद तुम्ही टाकलात."

हे खरं आहे. इथे कधी लिहिलं नाही, व्यासपीठावरून मात्र पराक्रम म्हणून सांगितलं आहे. पहिला कागद माझ्या वडिलांचा होता. दादांचा सातवी पासचा दाखला. गावात आपल्यांतले सातवी झालेले ते पहिले. दाखल्यावर जातीचा रकाना होता. मी सकाळीच त्यांच्या ट्रंकेतून काढून खिशात ठेवला होता, विचारलं नव्हतं. पायरीवर उभं राहून उंच धरला, सगळ्यांना दाखवला आणि टाकला. मग लोक घरांकडे धावले.

"दादा काय म्हणाले होते तेव्हा?" मी शालनला विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

"काही नाही. शेकोटीपाशी आले, हात शेकले आणि घरी गेले. जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं होतं."

घड्या झाल्या. तिने कपाट लावलं.

माझ्याकडे आज दादांच्या नावाचा एकही कागद नाही. अकरा संपादकांची पत्रं आहेत, ट्रेसिंग पेपरात घातलेली, कसर लागू नये म्हणून.

शनिवार, २५ जाने.

मसुदा घडी करून वहीत ठेवला. उद्या नेणार नाही.

रविवार, २६ जाने.

झेंडावंदन साडेसातला. पन्नासेक माणसं, मुलं जिलेबीच्या टोपलीभोवती. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत, पुढेच, मांडीवर पिशवी. पिशवीत डबा असावा.

पायरीवर उभा राहिलो. आता ती फरशीची आहे. चार-पाच मिनिटं बोललो असेन. आयुष्यात एवढं कमी बोललो नाही. काय बोललो ते आठवेल तसं:

"चाळीस वर्षांपूर्वी याच जागी मी तुम्हाला कागद जाळायला सांगितले. ते नाव टाका म्हणालो ते बरोबर होतं. कागद जाळा म्हणालो ते चुकलं. माझं चुकलं. ज्यांनी जाळले त्यांचं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या शेकोटीत आपल्या संपादकांची पत्रं गेली. ती मी गेली वीस वर्षं जगभर शोधतोय आणि ती घालवली मीच. पहिला कागद माझ्या वडिलांचा होता. त्यांना मी विचारलं नव्हतं."

थांबलो. टाळीची जागा नव्हती आणि कुणी वाजवलीही नाही.

मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "आमच्या बापाचेही गेले त्यात. आता सांगताय होय?" बसलेल्यांपैकी कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

प्रज्ञा उभी राहिली. मावशींच्या मागेच होती. "काका, एक क्वेश्चन आहे. ऑफिसमध्ये लोक अजून सरनेम विचारून विचारून कास्टवर येतात. मी कशीतरी टाळते. आणि तुम्ही म्हणताय ते नाव कपाटात जपून ठेवा. उद्या माझ्या मुलीने तो कागद काढून विचारलं, मम्मी हे काय, तर मी काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी मला उत्तर सुचतं. धंदाच तो. आज सुचलं ते बोललो: "मला नीट माहीत नाही. पहिल्यांदा कदाचित तुला लाज वाटेल. मला वाटली होती, म्हणून जाळला. पण ती लाज मास्तरांची नव्हती, माझी होती."

प्रज्ञा बसली. पटलं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी पायरी उतरेपर्यंत त्या उठल्या, प्रज्ञाचा दंड धरला आणि घराकडे निघाल्या. पिशवी काखेत. मागे वळल्या नाहीत. मी मागून गेलो नाही. जायला हवं होतं का, कळत नाही.

सोमवार, २७ जाने.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन. "काका, आजी काही बोलत नाहीये. सकाळी मला कात्रीला धार लावून आणायला सांगितली. म्हणजे ब्लाउजचं कापडही आलंय घरात, त्यासाठी असेल."

"विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, आपलं काम कर."

लिमयांचाही फोन. त्यांना चौकातलं कुठून कळलं कोण जाणे. "चूक जाहीर कबूल केलीत म्हणे. पुण्यात हे बसत नाही हो." मग गंभीर झाले. "सही मिळाली तर जोडून देण्याचं बोललो होतो ते विसरा. तसं करू नका."

"नाही करणार."

"ठीक," म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवार, २८ जाने.

सकाळपासून दोन माणसं घरी येऊन गेली. एकाने आजोबांची रोजगाराची चिठ्ठी आणली, नाव तेच, रबरी शिक्क्यातलं. विचारत होता, ही ठेवायची का. म्हटलं, ठेव. दुसरा भांडायला आला होता. चहा न पिता गेला. त्याचं म्हणणं, मी म्हातारपणी चळवळीला मागे नेतो आहे. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दिसलं की हा माझंच तिशीतलं भाषण मला ऐकवतो आहे, आणि चांगलं ऐकवतो आहे.

मला ती सही बघायची आहे. हे खोटं कशाला बोलू. वीस वर्षं त्यासाठी घालवली. डोळे मिटले की दोन रेघा दिसतात, न पाहिलेल्या. पण मी बघितली नाही तरी ती असावी, हे मला दोन आठवड्यांपूर्वी सुचलं नसतं.

बुधवार, २९ जाने.

सकाळी खडकीला गेलो. मावशींच्या घरी गेलो नाही. चौकात वस्तीचा फळा आहे. त्यावर सव्वीस तारखेचा कार्यक्रम अजून होता, तो पुसला. खडू प्रज्ञाने आणून दिला आणि ती कंपनीच्या बससाठी धावली. जाताना एवढंच म्हणाली, "डबा आजीने कपाटात ठेवलाय आणि किल्ली स्वतःकडे." कापली की नाही, तिला माहीत नाही. मला माहीत नाही.

मावशींच्या खिडकीतून फळा समोर दिसतो. खिडकी उघडी होती, आत कुणी आहे की नाही ते उजेडामुळे कळत नव्हतं. अक्षर मोठं काढलं. हात वर धरून खांदा भरून आला. फळ्यावरचा मजकूर:

"ज्यांच्या घरी जुनी पेटी आहे त्यांनी ती येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, आहे तशी, आपल्या विहारात आणावी. आतल्या कागदावर ते नाव असलं तरी फाडू नका, कापू नका, जाळू नका. कागद बघून, यादी करून, ज्याचा त्याला परत मिळेल. मी दारात बसलेला असेन. गायकवाड."

खाली हातभर जागा उरली होती. तिथे आणखी एक ओळ लिहिली. कुणाचं नाव घातलं नाही.

"मावशी, पत्र मला नको. तुमच्याकडेच ठेवा. पुरं ठेवा."